गोधडीचा चौथा कोपरा

१२ नोव्हेंबर १९८६, धानोरा

आज पोचलो. निघालो तेव्हा धुकं होतं आणि धानोऱ्यात उतरलो तर असं सोनेरी ऊन, जणू कोणी वाळत घालून ठेवलेलं. शिलाई यंत्र बसच्या टपावर बांधलं होतं. ते उतरवायला कंडक्टरने स्वतः हात लावला. म्हणाला, मास्तर, इथी टिकले तर माह्या पोराचा सदरा शिवून द्या. मी हसून हो म्हटलं. आल्या आल्या गिऱ्हाईक मिळालं.

गोधडी केंद्र म्हणजे तेंदूपानाचं जुनं गोदाम. भिंतींना अजून पानांचा वास आहे. मला बोलावणाऱ्या संस्थेने आतून चुना लावून दिला आहे, जमिनीवर सतरंज्या आहेत. मागच्या अंगाला माझी खोली. खिडकीबाहेर मोहाचं जुनं झाड, त्याच्या पलीकडे लगेच जंगल सुरू. चौकीदार वारलू म्हातारा आहे, कमी बोलतो. त्याने न सांगता माठ भरून ठेवला होता.

माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या शिंप्याला लोक ‘शिकवायला’ बोलावतील असं कधी वाटलं नव्हतं. पण खरं कारण रंभा. माझ्या लेकीला सातवा महिना लागला आहे. मागच्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं. तिचं सासर आरमोरीकडे, आडवाटेला. माझी बायको गुणा जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हा आई नसलेल्या लेकीचं माहेर म्हणजे मीच. इथे खोली आहे, आणि गडचिरोलीत एका संस्थेचा छोटा, स्वच्छ दवाखाना आहे. जानेवारीत ती माझ्याकडे येईल. या खेपेला बाळ हाती लागू दे, एवढंच मागणं आहे. मागायचं कोणाकडे हा प्रश्नच आहे, कारण आम्ही मागणारे लोक नाही. संध्याकाळी मेणबत्ती लावून वंदना म्हटली आणि निजलो.

१८ नोव्हेंबर

कापडाचे गठ्ठे आले. नागपूरहून कापूनच येतात. वीतभर चौकोन, त्याचेच अर्धे त्रिकोण आणि बोटभर रुंद पट्ट्या, सगळं यंत्रावर कापलेलं, एकाला एक तंतोतंत. कोरं करकरीत कापड. मला बघून आनंद झाला. जन्मभर मी वाकड्या कापडातून सरळ कपडे काढले, इथे कापडच सरळ येतं.

दहा-बारा बाया येतात. काही गोंड, काही आमच्या समाजाच्या, दोघी कुणब्यांच्या. धानाची कापणी आटोपली की आणखी येतील म्हणतात. सोमारी सगळ्यांत वयस्क. तिने एक चौकोन हातात घेतला, हुंगला, गालाला लावला आणि परत ठेवला. म्हणाली, भाऊ, ह्याले कोणाचाच वास नाई. मी म्हटलं, नवं आहे ना. ती म्हणाली, तेच तं.

मनकर्णा नावाची एक तरुण विधवा आहे, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, मास्तर, आमच्या गोधड्या आजीच्या लुगड्याच्या असतात, अर्धी ऊब आजीच देते. ह्या तुमच्या कापडाले आजी कुठून आणाव? सगळ्या हसल्या. मीही.

२७ नोव्हेंबर

हात बसले. आधी ‘नऊघरी’ शिकवली, नऊ चौकोनांची. मग ‘फिरकी’, चार त्रिकोण एकमेकांच्या मागे पळणारे. मग ‘चांदणी’. मला प्रशिक्षणात ही नावं तक्त्यावर दाखवली होती, पण बाया आपलीच नावं ठेवतात. उडत्या बगळ्यांच्या नमुन्याला त्या ‘शेपटीवाल्या’ म्हणतात, का ते मला सांगत नाहीत आणि तोंडाला पदर लावून हसतात.

सगळ्यांत आवडतं ‘चूलघर’. मधे लाल चौकोन, ती चूल. तिच्या चारी बाजूंनी पट्ट्या लावत जायचं, अर्ध्या उजळ, अर्ध्या गडद. म्हणजे घरात चूल पेटली की एका भिंतीवर उजेड आणि दुसरीवर सावली. असे तुकडे जोडून वरचा पदर, मधे कापसाची भर, खाली अस्तर, मग कडेपासून आत धावदोरा. दुपारी गोदामात नुसता दोऱ्याचा आवाज असतो. त्या आवाजात मन असं स्थिर होतं की विहारात बसल्यासारखं वाटतं.

रंभाचं पत्र आलं. बाळ पोटात लाथा मारतं म्हणे. मी ते पत्र यंत्राखालच्या खणात ठेवलं आहे.

४ डिसेंबर

आज एक अडचण आली आणि गंमतीत सुटली.

गोधड्या पुऱ्या होत आल्या, पण एकीचाही चौथा कोपरा बंद नाही. तीन कोपरे पक्के, चौथा उघडा, सुई लटकलेली. मला वाटलं दोरा संपला. सोमारीने सांगितलं की चौथा कोपरा बांधताना जो त्यात निजणार त्याचं नाव घ्यावं लागतं. त्यांच्या घरी तसंच करतात. जुन्या लुगड्याची असली तर एक वेळ चालून जातं, त्यात आधीचं माणूस असतं. पण ह्या कापडाले मानूसच ठाऊक नाई, ती म्हणाली. कोनासाठी शिवून राह्यलो आपन?

कोणासाठी म्हणजे? आश्रमशाळेच्या पोरांसाठी, दवाखान्यासाठी, जो कोणी घेईल त्याच्यासाठी. नावं कुठून आणू? आणि संस्थेच्या साहेबांचा ट्रक परवा येणार. मी हसून समजावलं की छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, त्याच दिवशी गंडेदोरे नदीत सोडले. नाव म्हणजे हाक मारायची सोय, त्यात दुसरं काही नाही. पण एकही बाई सुई उचलेना. त्यांचा अपमान करावा असंही वाटेना.

शेवटी मी म्हटलं, घ्या माझंच नाव. सगळ्यांवर ‘खुशाल’ म्हणा आणि बांधा.

मनकर्णा म्हणाली, आँ, एवढ्या गोधड्या एकट्या मास्तरले? बायकोबिगर लयच थंडी वाजते वाटते! गोदाम हसण्याने दणाणलं. मग एकेकीने टाका ओढला आणि म्हटलं, खुशाल. खुशाल. खुशाल. माझं नाव इतक्यांदा एका दमात मी कधी ऐकलं नव्हतं. सोमारीने आपली गोधडी शेजारणीकडे सरकवली आणि पाणी प्यायला उठून गेली.

१२ डिसेंबर

ट्रक सहा तारखेलाच गेला. अर्ध्या गोधड्या एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत, अर्ध्या गडचिरोलीच्या त्या दवाखान्यात. बायांनी हात जोडून ट्रकला निरोप दिला.

इथे थंडी चांगलीच पडली आहे. सकाळी मोहाखाली शेकोटी असते, वारलू तिच्यातून हलत नाही. मला मात्र यंदा थंडी सोसते आहे. गुडघे दरवर्षी या दिवसांत धरतात, ते मोकळे आहेत. काल तर पांघरूण पायाशी ढकलून निजलो होतो. हवा मानवली म्हणायची.

२० डिसेंबर

लिहावं की नाही कळत नाही, पण खोटं लिहायला ही वही नाही.

निजलो की शेजारी कोणीतरी आहे असं वाटतं. भीती वाटत नाही. पाठीला पाठ लागल्यासारखी ऊब असते, आणि पोटऱ्यांशी लहान लहान पावलं. केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा वास. पहिल्यांदा मला गुणाची आठवण समजली. रंभा लहान असताना आम्ही तिघं एका गोधडीत निजायचो, तसंच काहीसं. उजाडलं की शाळेची घंटा व्हावी तसं सगळं एकदम उठून जातं आणि मी एकटा घामाने भिजलेला असतो.

दवाखान्यातले कंपाउंडर बाजाराला आले होते. भला माणूस. मी त्यांना सांगितलं की माझी लेक बाळंतपणाला तुमच्याकडे येईल, तेव्हा चूलघराची लाल गोधडी तिच्यासाठी राखून ठेवा, ती सगळ्यांत छान उतरली आहे. ते म्हणाले, ठेवतो, तुमचीच तर आहे.

वंदनेत मी रोज म्हणतो की सगळे जीव सुखी असोत. आज म्हणताना घाम पुसावा लागला.

२९ डिसेंबर

साहेब आले होते. आश्रमशाळेतून तक्रार आहे. मुलं नव्या गोधड्या घेत नाहीत. म्हणतात, आत शिरलं की नदीत शिरल्यासारखं होतं. गोधड्या फेकून पोरं शेकोटीभोवती बसून झोपतात. साहेबांना वाटतं आम्ही भर कमी घातली. मी एक शिल्लक गोधडी उसवून दाखवली, कापूस भरपूर होता. साहेबांनी तो चिमटीत धरून पाहिला. जाताना त्यांनी विचारलं, मास्तर, तुम्हाला ताप आहे का? हात केवढा कढत आहे.

ताप नाही. मी थर्मामीटर लावून पाहिला आहे.

२ जानेवारी १९८७

त्या शाळेतली स्वयंपाकीण वारली. मुलांनी टाकलेल्या गोधड्यांतल्या तिने दोन घेतल्या होत्या, एकीने भागेना म्हणून. आजारी नव्हती. सकाळी चूल पेटली नाही म्हणून बघायला गेले तर गोधडीत मुटकुळं करून पडलेली, अंग दगडासारखं गार.

ही बातमी ट्रकवाल्याने आज दुपारी सांगितली. पण मला परवापासूनच —

परवा पहाटे माझ्या डाव्या अंगाला एक ऊब आली. मोठ्या बाईची. कांद्याचा आणि धुराचा वास. उजाडल्यावर बाकीच्या उठून गेल्या, ही गेली नाही. दिवसभर आहे. आत्ता लिहितो आहे तेव्हाही आहे. मी कूस बदलली तर ती बदलते. जेवायला बसलो की तीही टेकते.

४ जानेवारी

सोमारीच्या घरी गेलो. तिने मला बसायला खाट दिली आणि स्वतः लांब बसली. शेकोटीपासून बसतात तेवढी लांब.

ती म्हणाली, ज्याचं नाव त्यालेच ऊब. दुसरा कोनी आत निजला तं त्याच्या अंगातली ऊब नाववाल्याकडे जाते. जुन्या लुगड्याच्या गोधडीत आधीचं मानूस आडवं येते, थांबवते. तुमच्या कोऱ्या कापडात कोन थांबवन?

मी विचारलं, बाई, मग तेव्हा काऊन नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगतलं होतं भाऊ. तुमी हासले.

मी हसलो होतो. हे खरं आहे.

उपाय विचारला. चौथा कोपरा उसवायचा, निजणाऱ्याचं नाव घेऊन परत बांधायचा. एवढंच. जो निजला आणि उठला त्याचं काही जात नाही. जो उठला नाही त्याची ऊब परत जायला अंग कुठं आहे, ती म्हणाली.

५ जानेवारी

केंद्रात उरलेली एक गोधडी काल वारलूला दिली होती, मुद्दाम. माणसावर असा प्रयोग करावा का? केला. मला खात्री हवी होती. आज सकाळी तो काळानिळा होऊन शेकोटीत जवळजवळ घुसला होता, आणि मला पहाटभर विडीचा वास येत होता. मी त्याची माफी मागितली. त्याच्यासमोर कोपरा उसवला, वारलू म्हटलं, टाका ओढला.

६ जानेवारी

वारलू गाढ निजला. म्हणाला, मास्तर, लेकरासारखा निजलो. विडीचा वास आला नाही.

म्हणजे खरं आहे.

दवाखान्याला पत्र टाकलं: गोधड्या काढून ठेवा, मी येऊन दुरुस्त करतो. कारण काय लिहावं सुचेना. भर चुकली लिहिलं. साहेबांकडे एटापल्लीला जायला गाडी मागितली. ते म्हणाले, आधी डॉक्टरला दाखवा.

मनकर्णाने आज एकही टोमणा मारला नाही. सगळ्या बाया दाराशी बसून शिवतात. गोदाम भट्टीसारखं झालं आहे म्हणतात.

८ जानेवारी

आणखी दोन ऊब राहिल्या आहेत, उठून न गेलेल्या. एक म्हातारी, तंबाखूच्या मिश्रीचा वास. एक पुरुष, फार बारीक, औषधाचा वास. दवाखान्यातलीच असणार. ती माणसं आजारानेच गेली असतील असं स्वतःला सांगतो. मिश्रीवाली बाई खांद्यावर डोकं टेकते. मी तिला ओळखत नाही. तिला वाटत असेल, हा कोण, ज्याच्याकडे आपल्याला पाठवलं?

त्यांच्यासाठी वंदना म्हटली. तोंडातून वाफ निघत होती, बाहेरच्या लोकांची थंडीने निघते तशी नव्हे.

पत्राचं उत्तर नाही. उद्या सकाळच्या बसने मीच जातो. रंभा पुढच्या आठवड्यात निघणार आहे, त्याआधी सगळे कोपरे —

९ जानेवारी, सकाळ

बस आली ती निरोप घेऊन. तोच कंडक्टर. म्हणाला, मास्तर, तुमची लेक गडचिरोलीच्या दवाखान्यात आहे. काल जावई तिला तुमच्याकडेच घेऊन निघाले होते, लवकरच निघाले, ती हट्ट धरून बसली होती म्हणे, बाबांना बघायचं. स्टँडवर उतरली तर कळा सुरू झाल्या.

मी विचारलं, थंडी आहे का तिकडे? तो म्हणाला, लय. पन तुमच्या लेकीची सोय झाली, लाल गोधडी दिली तिले, कंपाउंडर सांगत होते तुम्हीच राखून ठेवली म्हनून.

कात्री, सुई, दोरा घेतला. बसमध्ये बसलो आहे. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे गेला.

बसमध्ये

उजव्या दंडावर आली. रंभा आहे. लहानपणी निजायची तशीच, तोंड खुपसून. निजली आहे म्हणजे. ग्लानीत असेल.

ऊठ बाई.

गेली. बरं झालं. जागी झाली. कळ आली असेल. किती वाईट बाप मी, लेकीला कळ यावी म्हणून —

परत आली.

गेली.

ड्रायव्हरला सांगितलं जोरात घे. तो म्हणाला, काका, घाट नाई पन रस्ताही नाई.

चातगावच्या अलीकडे

बस बंद पडली. चाकाचं काहीतरी. लोक उतरून उन्हात बसले. मी पायीच निघालो होतो, कंडक्टरने हात धरून थांबवायला पाहिलं आणि लगेच सोडला. पोळला. म्हणाला, मास्तर, तुम्ही बसा, मागून दुसरी गाडी येते, तिच्यात पयले तुम्हाले बसवतो.

सागाच्या मुळाशी बसलो आहे. माझ्याखालची पानं सुकून वळत आहेत.

रंभाची ऊब बराच वेळ नाही. म्हणजे जागी आहे. जिवंत आहे. कळा देते आहे. थंडी वाजू दे तिला, ओरडू दे, गोधडी लाथेने उडवू दे — निजू नकोस रंभा, थोडं राहिलं —

स्वयंपाकीण, म्हातारी, तो बारीक माणूस, सगळे एका बाजूला सरकले. जागा करून दिल्यासारखे. कोणाला?

छातीवर.

तळहाताएवढी. ओली. छातीवर मधोमध.

झालं. बाळ झालं. रंभाने त्याला जवळ घेतलं असेल, वर गोधडी ओढली असेल, उबेला — आई काय करणार दुसरं —

निजलं आहे. नुसतं निजलं आहे. जन्मल्यावर निजतातच. उठेल आता. उठलं की ऊब जाईल. शाळेतल्या मुलांची जायची ना रोज, तशी जाईल.

जात नाही.

गाडीचा आवाज येतो आहे. कंडक्टर हाका मारतो आहे. कात्री हातात आहे, कोपरा तिकडे —

अगं कोणीतरी उघडं करा त्याला. गार जमिनीवर ठेवा. चापट मारा. भुकेने, थंडीने, कशानेही —

केवढी ऊब आहे याची. एवढ्याशा अंगात एवढी होती आणि सगळी मला —

जा रे बाळा, माघारी जा. रड. एकदाच रड. मी इथूनही ऐकीन, मी कान देऊन बसलो आहे, कोणी बोलू नका, गाडी बंद करा, मला ऐकू